बांबूवरचा राक्षस

राक्षस म्हणजे बांबूच्या टोकाला बांधलेलं एक लाल फडकं होतं.

कोशिहामाच्या लोकांना हे पटायला सकाळ गेली. टोकियोहून सिनेमावाले येणार, समुद्रातून राक्षस निघणार आणि अख्खं गाव पळणार, हे महिनाभरात सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं. आज दोन ट्रक आले. दिवे उतरले, कॅमेरे उतरले, वायरींची भेंडोळी उतरली. पोरं ट्रक रिकामा होईपर्यंत मागे उभी राहिली. राक्षस काही उतरला नाही.

"तो टोकियोत आहे," निरासावा सगळ्यांना समजावत होता. निरासावा म्हणजे सिनेमावाल्यांचा डायरेक्टर. तिशीला टेकलेला, किडकिडीत, गळ्यात कर्णा अडकवलेला. "रबराचा आहे. त्याच्या आत माणूस शिरतो. त्याचं शूटिंग तिकडे, तुमचं इकडे. मग दोन्ही जोडायचं."

"आणि आम्ही पळायचं कोणाला बघून?" कियोने विचारलं.

निरासावाने धक्क्याकडे बोट दाखवलं. धक्क्याला बांधलेल्या होडीत उभा राहून एक माणूस लांबलचक बांबू तोलत होता. "ते लाल दिसतंय ना, ते त्याचं डोकं. सगळ्यांनी तिथे बघायचं आणि घाबरायचं."

कियो वाकामे, म्हणजे समुद्रातलं खायचं शेवाळ, वाळवण्याचं काम करायची. उन्हाने रापलेली, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. तिने कमरेवर हात ठेवून वर बघितलं. "आमच्या ह्यांचं लंगोट वाळत घातलं तर मी याहून जास्त घाबरते."

सगळे हसले. तोकुजीही हसला. तोकुजी उसुझावा, जाळी विणणारा आणि दुरुस्त करणारा, बावन्न वर्षांचा, विधुर. सकाळपासून त्याला एका जागी उभं राहवत नव्हतं. तरुणपणी बोनिटो मासळीच्या हंगामात पहिल्या दिवशी होडी ढकलताना असं व्हायचं. त्यानंतर आजच.

तालीम सुरू झाली. निरासावा कर्ण्यातून ओरडला की सगळ्यांनी धक्क्याच्या रस्त्याने, समुद्राच्या कडेकडेने, कॅमेऱ्याकडे पळत यायचं. लोक पळाले. पण शाळेच्या खेळांच्या दिवशी पळतात तसे. न्हावी कॅमेऱ्याला हात दाखवून गेला. हाकोझाकींची आजी कॅमेऱ्यापाशी आली तेव्हा थांबली, कॅमेरावाल्याला कमरेत वाकून नमस्कार केला आणि मग पुढे पळाली.

निरासावाने कपाळाला हात लावला. "आजी, मागे राक्षस आहे."

"माहीत आहे हो," आजी म्हणाली. "पण हे साहेब गावात पहिल्यांदाच आलेत. तसंच कसं पुढे जायचं?"

तीनदा पळवलं. तीनही वेळा आजी वाकली.

मग निरासावा गर्दीतून फिरत एकेकाचं तोंड बघू लागला. तोकुजीपाशी थांबला. "काका, तुम्ही. तुमच्यासाठी वेगळं काम आहे. सगळे पळतायत. तुम्हीही पळताय. अर्ध्या वाटेत तुम्हाला कळतं की बायको मागेच राहिली. खाली जाळ्यांच्या खोपटात अडकलीय. तुम्ही मागे फिरता. अख्खी गर्दी एकीकडे, तुम्ही एकटे उलटे. खोपटात जाता, तिला जाळ्याखालून ओढून काढता. जमेल?"

आजूबाजूची माणसं तोकुजीकडे बघू लागली. टोकियोच्या माणसाला काय माहीत असणार? गावात मात्र शेंबड्या पोरालाही माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये, बर्फात, भूकंपानंतर लाट आली, तेव्हा तोकुजीची बायको तोमे जाळ्यांच्या खोपटाकडे गेली होती आणि परत आली नव्हती.

"जमेल," तोकुजी म्हणाला. त्याने क्षणभरही विचार केला नाही.

कियो पुढे झाली. "आणि बायको कोण? टोकियोहून नटी आणलीय का?"

"नटी नाही आणली. नुसती पाठ आणि हात दिसणार आहेत."

"मग मीच. पाठ माझी चांगली आहे, विचारा कोणालाही." ती तोकुजीकडे वळली. "आणि तू मला नीट धरून ओढ. खांदा बिंदा निखळला तर वाकामे तुला वाळवावं लागेल."

*

संध्याकाळी जेवताना मिसाओने विषय काढला. ती तोकुजीची मुलगी. नवरा ट्यूनाच्या बोटीवर, त्यामुळे ती आणि तिची सहा वर्षांची चिए तोकुजीकडेच राहत. चिए मिसोचं सूप पिता पिता झोपेला आली होती आणि तरी बडबडत होती. सिनेमातला तो राक्षस अणुबॉम्बच्या चाचणीने जागा होतो म्हणे. मिसाओला त्यात नवल वाटलं नव्हतं. गेल्याच वर्षी भर समुद्रात झालेल्या खऱ्या चाचणीनंतर नवऱ्याच्या बोटीने आणलेला सगळा ट्यूना जमिनीत पुरावा लागला होता. मासळी बाजारात कोणी हात लावेना. समुद्रातून काय काय येऊ शकतं हे तिला सिनेमावाल्यांनी सांगायची गरज नव्हती.

"बाबा, हा सिनेमा आपल्या किनाऱ्यावरच्या गावांतही लागणार ना?"

"लागणारच. सगळीकडे लागणार."

"पोरं बघणार."

"पोरंच जास्त बघणार."

"आणि त्यात तुम्ही मागे फिरणार, आणि बायको वाचणार." मिसाओने जेवायच्या काड्या वाडग्यावर ठेवल्या. "म्हणजे पोरं काय शिकणार? मागे फिरलं की माणूस वाचतो."

"अगं, खोटं आहे ते. रबराचा राक्षस आहे."

"आई खरी होती."

तोकुजीने भाताचा घास तसाच धरून ठेवला.

लाट आली त्या रात्री तोकुजी जाळ्यांच्या खोपटातच झोपला होता, पहाटे लवकर निघायचं म्हणून. जमीन हलली तसा तो उठला आणि मागच्या पायवाटेने सरळ डोंगर चढला. लहानपणापासून हेच शिकवलेलं. घंटा झाली की ज्याने त्याने आपापलं वर पळायचं. कोणाला शोधायचं नाही, कोणासाठी थांबायचं नाही. आपलं माणूसही पळत असणार, वर भेटू, एवढं धरून चालायचं. तोकुजीने ते धरलं. इकडे घरून तोमे आणि सात वर्षांची मिसाओ निघाल्या. अर्ध्या चढावर तोमेने मिसाओचा हात सोडला. "तू वर जा. बाबा खोपटात झोपलेत, त्यांना उठवून येते." मिसाओ अनवाणी वर गेली. वर तिला बाबा भेटले.

बापलेकीत याबद्दल वर्षानुवर्षं बोलणं झालं नव्हतं. आज एकदम झालं.

"मला एकदा तिथे पळत जायचंय, मिसाओ," तोकुजी म्हणाला. "ती गेली तसं. सिनेमात का होईना."

"कशाला? आई तिथे नाहीये."

"माहीत आहे."

"तुम्ही गेलात म्हणजे काय होणार? तिला बरं वाटणार? की तुम्हाला?"

तोकुजी अर्धा उठला, पुन्हा बसला. मिसाओला ते दिसलं. तिने चिएला उचलून अंथरुणावर ठेवलं आणि परत येऊन सूपाचा वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"तुम्ही ऐकणार नाही, ते कळलं," ती म्हणाली. "मग निदान बाकीच्यांना तरी नीट पळू द्या. समुद्राच्या कडेकडेने कोण पळतं? वेडे आहोत का आपण? दाखवायचंच असेल तर डोंगर चढताना दाखवा. सांगा त्या तुमच्या डायरेक्टरला."

*

सकाळी तोकुजी निरासावाला शोधत चढावर गेला. लाटेनंतर उभारलेला मोठा दगड तिथे आहे. पाणी कुठवर आलं होतं ते त्यावर कोरलंय. निरासावा त्या दगडाला टेकून भाताचा गोळा खात होता. डोळे तांबारलेले.

"काका, माझ्याकडे एकच जुनी होडी आहे स्फोटात उडवायला," तो म्हणाला. "एकदा उडाली की संपलं. आणि तुमचं गाव हसत पळतंय. टोकियोला काय तोंड दाखवू?"

"तुम्ही त्यांना चुकीच्या वाटेने पळवताय," तोकुजी म्हणाला. "म्हणून हसतायत. समुद्राच्या कडेने पळायचं म्हटलं की आम्हाला खेळच वाटतो. खरोखर काही झालं तर आम्ही इथे येतो. या दगडाच्या वर. कॅमेरा इथे लावा."

निरासावाने खाली धक्क्याकडे आणि मग चढाकडे पाहिलं. "सगळे एकत्र येता?"

"एकत्र नाही. ज्याचा तो."

"आई पोराचा हात धरत नाही?"

"तान्हं असेल तर उचलते. पायांनी पळणारं पोर आपलं आपण पळतं. तशी सवयच लावतो."

निरासावा चावायचं थांबला. "आमच्याकडे सगळे एकत्र पळाले," तो म्हणाला. "युद्धात विमानांनी टोकियोवर आग टाकली त्या रात्री. एकमेकांचे हात घट्ट धरून सगळे पुलाकडे. पलीकडूनही तसेच येत होते, हात धरून. पुलाच्या मधोमध..." त्याने उरलेला गोळा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. "मी एकोणीस वर्षांचा होतो. पळणं म्हणजे मला तेच माहीत आहे. म्हणून तसं लिहिलं."

तोकुजी त्याच्या शेजारी बसला.

"पण राक्षस येतोय असं त्यांना वाटणार कसं?" निरासावाने विचारलं. "माझ्या कर्ण्याला कोणी भीत नाही."

"घंटा वाजवा," तोकुजी म्हणाला. "अग्निशमनाच्या बुरुजावरची. ती उगीच कोणी वाजवत नाही. ती वाजली की बघा."

परवानगीसाठी दुपार गेली. बुरुज सांभाळणारा म्हातारा आधी उखडलाच. मग आजूबाजूच्या गावांना फोन गेले, की आज घंटा ऐकून कोणी पळू नका, कोशिहामात सिनेमा आहे. सगळ्या गावाला ओरडून सांगितलं, की घंटा सिनेमाची आहे, खरी नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. कियो खोपटात जाऊन जाळ्याखाली पडली आणि आतून ओरडली, "तोकुजी, लवकर ये रे, इथे मासळीचा वास मारतोय." हाकोझाकींच्या आजीने विचारलं, की आता कॅमेरा वरती आहे तर नमस्कार वर पोचल्यावर केला तर चालेल का. निरासावा म्हणाला, चालेल.

खोपटात एक कॅमेरा ठेवला. दुसरा दगडापाशी. मिसाओ चिएला घेऊन आली. गाव नीट वाटेने पळणार म्हटल्यावर तिने चिएला परवानगी दिली होती, आणि चिए एकटी नको म्हणून स्वतःही गर्दीत उभी राहिली. तोकुजीकडे तिने बघितलं नाही.

तोकुजीची थांबायची जागा चढावर निम्म्यात होती. तिथे एक खडूची रेघ मारली होती. तिथवर पळत यायचं, थांबायचं, मागे फिरायचं. त्याने तळहात पँटला पुसले.

घंटा वाजली.

पहिला ठोका पडला आणि गावाचं तोंड बदललं. हसू पुसल्यासारखं गेलं. कोणी त्या लाल फडक्याकडे पाहिलं नाही, कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही, एकमेकांकडेही नाही. सगळ्यांच्या माना वर झाल्या आणि पाय निघाले. न्हाव्याने पायातल्या चपला झटकल्या आणि धूम ठोकली. आजी, ती वाकणारी आजी, काठी टाकून चार पायांवर चढत होती. कोणी किंचाळत नव्हतं. नुसते श्वास आणि पायांचे आवाज. गोट्यांचा पाऊस पडावा तसे.

तोकुजीही पळाला. त्याला पळायचंच होतं, पण तो किती जोरात पळतोय हे त्यालाच कळलं नाही. खडूची रेघ आली आणि गेली. दहा पावलं पुढे गेल्यावर त्याला आठवलं की आपल्याला थांबायचंय. थांबायला त्याला अंगातली सगळी ताकद लागली. मागे वळायला तर जीवच काढावा लागला. प्रत्येक ठोक्याला पाय वर ओढत होते.

तो खाली उतरू लागला. समोरून गाव अंगावर येत होतं. खांदे लागत होते, कोपरं लागत होती, आणि कोणी त्याला 'कुठे चाललास' म्हणून विचारत नव्हतं. त्या माणसांत चिए आली. एकटी. तोंड घट्ट मिटलेलं, डोळे वर दगडावर. आजोबांच्या अंगाला घासून गेली, पण थांबली नाही. तिच्या मागे मिसाओ. तिच्या आणि चिएच्या मध्ये चांगलं अंतर होतं आणि तिने ते कमी करायचा प्रयत्न केला नाही. तिनेही बापाकडे बघितलं नाही.

तोकुजीला आनंद झाला. पळता पळता, उलट्या दिशेने जाताना, त्याला असा आनंद झाला की ओरडावंसं वाटलं. दोघी पळाल्या. दोघी वर पोचणार.

खाली गाव रिकामं झालं होतं. धूर सोडला होता. धक्क्यापाशी पंखे लावून पाणी उडवत होते, त्याचे तुषार तोंडावर येत होते. तोकुजी जीव खाऊन धावला. खोपटाचं दार उघडंच होतं. त्याने चौकट धरली आणि आत झेप घेतली.

आत कोणी नव्हतं.

जाळं एका बाजूला फेकलेलं होतं. त्याची कडा अजून हलत होती. कोपऱ्यात कॅमेरावाला डोळा लावून हँडल धरून बसला होता. घंटेने त्याचे पाय हलले नव्हते, त्याला त्या घंटेची सवय नव्हती. त्याने तोकुजीकडे बघून खांदे उडवले आणि मागच्या दाराकडे हनुवटी केली. मागचं दार सताड उघडं. पायवाटेवर, पार वरती, कियोची चांगली पाठ झुडपांतून दिसेनाशी होत होती.

तोकुजी जाळ्याजवळ उभा राहिला. कॅमेरा चालू आहे हे तो विसरला. तोमे धापा टाकत इथे आली असणार. हीच चौकट तिने धरली असणार. आत बघितलं असणार, आणि आत कोणी नव्हतं. अंथरूण फेकलेलं, मागचं दार उघडं.

म्हणजे तिला कळलं होतं. नवरा पळाला, वर गेला, हे तिला कळलं होतं.

इतकी वर्षं त्याच्या मनात ती शोधतच राहिली होती. अंधारात हाका मारत, जाळी उपसत. ती शोधत राहिली नव्हती. तिला रिकामं खोपटं दिसलं होतं.

तोकुजी हसला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसत होता, मोठ्याने, जोरजोरात. त्याच वेळी बाहेर होडी उडाली. खोपटं हादरलं, छपरातून धूळ पडली. तोकुजीने मागचं दार गाठलं आणि तो पायवाटेने वर धावला. मागे वळून बघितलं नाही.

*

वर दगडापाशी गाव धापा टाकत होतं आणि माणसं मोजत होतं. सिनेमा असो नाहीतर काही असो, वर आलं की मोजायचंच. कियो जमिनीवर बसली होती. तोकुजी दिसताच तिने तोंड लपवलं.

"शिव्या दे," ती म्हणाली. "दे बाबा, हव्या तेवढ्या दे. मी पडून होते रे नीट. घंटा झाली आणि पुढचं मला काही माहीत नाही. इथे आले तेव्हा कळलं मी उठलेय."

तोकुजीने 'नाही, नाही' अशी मान हलवली.

निरासावा दगडामागच्या कॅमेऱ्याकडून धावत आला. त्याला इथून खोपटातलं काही दिसलं नव्हतं. कियोला मात्र समोर बसलेली बघून त्याचा चेहरा उतरला. होडी उडाली होती. दुसरी नव्हती.

"काका, खोपटात काय झालं?"

"कोणी नव्हतं," तोकुजी म्हणाला. "बायको आधीच वर गेली होती."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मीही आलो वर."

खालून कॅमेरावाला कॅमेरा खांद्यावर टाकून वर आला, घामाघूम. त्याने निरासावाला बाजूला घेतलं आणि कानात काहीतरी सांगू लागला. हाताने तोकुजीचं तोंड दाखवत होता. एकदा हसण्याची नक्कल केली, मग डोळे पुसण्याची. निरासावा ऐकत राहिला. ऐकता ऐकता तो वळून गावाकडे बघू लागला. माणसं माणसांना मोजत होती. आजी हात टेकून उठली आणि दगडापाशी आली. कॅमेऱ्याजवळ उभ्या राहिलेल्या दुसऱ्या कॅमेरावाल्याला तिने कमरेत वाकून नमस्कार केला.

मिसाओ तोकुजीजवळ आली. चिए तिच्या मागे, केसांत काटक्या अडकलेल्या.

"तुम्ही रेघेच्या पुढे गेला होतात," मिसाओ म्हणाली. "मी खालून बघितलं. तुम्हाला थांबता येत नव्हतं."

"हो."

"बरं झालं."

तोकुजीने तिचं मनगट धरलं. "मिसाओ, तिला खोपटं रिकामं दिसलं असणार. आपण कधी असा विचारच केला नाही. तिला कळलं होतं गं, की मी निघालो."

मिसाओने मान डोलावली. मग पुन्हा डोलावली. मग ती चिएच्या केसांतल्या काटक्या एकेक करून काढू लागली.

"ऐका," निरासावाने कर्णा उचलला, मग तो न वापरताच बोलला. "शेवट बदलतोय. माणूस मागे जातो, खोपटं रिकामं असतं. ती आधीच पळालेली असते. तो वर येतो आणि ती इथे भेटते. तेवढा एक शॉट राहिलाय. उजेड जायच्या आत घेऊ." त्याने कियोला हात दिला. "ताई, उठा. तुम्ही इथे उभ्या राहा."

"आता पाठ की तोंड?"

"तोंड."

"मग केस विंचरून येते."

"राक्षसासमोरून पळालेली बाई केस विंचरते का?"

"मी विंचरते," कियो म्हणाली आणि मिसाओकडून फणी मागून घेतली.

तोकुजी दाखवलेल्या जागेवर जाऊन उभा राहिला. पाय अजून थांबायला तयार नव्हते. खाली जळत्या होडीचा धूर समुद्रावर चालला होता. बांबू, फडकं, काहीच दिसत नव्हतं.

"कुठे बघू?" त्याने विचारलं.

"तिच्याकडे," निरासावा म्हणाला. "धावत या आणि तिच्याकडे बघा."